गुरुवारी गेलेली पाहुणी

निवृत्त पोलिसांना ज्या घटना आठवतात त्या बहुतेक फत्ते झालेल्या असतात. दरोडा उघडकीस आणला, फरार आरोपी पकडला, साहेबांनी पाठ थोपटली. माझ्याकडेही तशा दोन-चार आहेत आणि त्या मी नातवंडांना मीठमसाला लावून सांगतो. ही घटना मात्र आजही आठवते ती वेगळ्या कारणाने. हिच्यात ना खून होता ना चोरी. एका वहीतल्या तारखांचा मामला होता, आणि तो मी आजवर घरीही नीट सांगितलेला नाही.

नोकरीची शेवटची काही वर्षं मी अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, पोलीस अधीक्षक कार्यालयात परदेशी नागरिकांच्या नोंदणीचं काम पाहत होतो. त्याआधीची सगळी हयात पोलीस ठाण्यात आणि गुन्हे शाखेत गेली. डाव्या गुडघ्याने दगा दिला म्हणून टेबलावर बसवलं. काम सोपं. परदेशी माणूस मुक्कामाला आला की त्याला ठेवून घेणाऱ्याने चोवीस तासांत सी फॉर्म भरायचा, मग ते हॉटेल असो की कुणाचं राहतं घर. शिवाय एक वही ठेवायची. त्यात आल्याची तारीख, गेल्याची तारीख, पाहुण्याची सही.

आमच्याकडे देवदर्शनाला येणारे असतात, सुप्याच्या कारखान्यांत यंत्रं बसवायला येणारे असतात, राळेगणसिद्धीचं पाणलोटाचं काम बघायला येणारे असतात. हे सगळे दोन-चार दिवसांत जातात. संशोधकांची तऱ्हा वेगळी. ते सहा-सहा महिने राहतात, लोकांच्या चुलीपाशी जेवतात आणि दिवसभर प्रश्न विचारतात. प्रश्न विचारणारा माणूस पोलिसाला मुळात आवडत नाही. ते काम आपलं आहे अशी आमची समजूत असते.

एका सकाळी टपालात निनावी अर्ज आला. अक्षर वळणदार. पुणतांब्याच्या पलीकडे गोदाकाठी असलेल्या एका गावातल्या निवृत्त मास्तरांविरुद्ध तो होता. मास्तरांच्या घरी परदेशी संशोधक राहतात, वहीत त्यांची गेल्याची नोंद होते, पण त्यानंतरही ते गावात फिरताना दिसतात, आणि जुने कागद परदेशात जातात, असा मजकूर. निनावी अर्जांबद्दल माझं एक मत आहे. त्यातलं अर्धं खरं असतं. उरलेलं अर्धं अर्ज लिहिण्याचं कारण असतं.

योगायोग असा की त्याच आठवड्यात वरून एक पत्र आलं होतं. युरोपातल्या एका विद्यापीठातली बाई, नद्यांच्या पुरांचा अभ्यास करणारी, पुन्हा सहा महिन्यांसाठी येऊ पाहत होती. मागच्या मुक्कामात तिने नियम पाळले का, याबद्दल जिल्ह्याचा अभिप्राय मागवला होता. मुक्कामाचा पत्ता त्याच मास्तरांचा.

मी तिची जुनी फाईल काढली. वहीच्या प्रतीत गेल्याची तारीख गुरुवारची, खाली तिची सही. विमानतळावरची देश सोडल्याची नोंद मात्र रविवारच्या रात्रीची. मधल्या तीन रात्री ती कुठे होती? पुण्या-मुंबईच्या कुठल्याही हॉटेलचा सी फॉर्म नाही. शिर्डीचा नाही. बाई तीन दिवस हवेत विरघळून गेली होती.

मग मी मास्तरांकडे राहून गेलेल्या इतर संशोधकांच्या नोंदी काढल्या. एकाच्या दोन रात्री गायब, दुसरीच्या चार, तिसऱ्याच्या पुन्हा तीन. आणि गंमत पुढेच होती. चार वर्षांपूर्वीपर्यंतच्या तारखा चोख जुळत होत्या. त्यानंतर एकही जुळत नव्हती. म्हणजे चार वर्षांपूर्वी काहीतरी घडलं होतं, किंवा कुणीतरी येऊन मिळालं होतं. गुन्हे शाखेतला जुना घोडा माझ्यात जागा झाला. खरं सांगतो, त्या दिवशी गुडघासुद्धा दुखला नाही.

माझ्याबरोबर एक महिला हवालदार होत्या, पाथर्डीकडच्या. आई-वडील ऊसतोडीला जायचे, त्या स्वतः आश्रमशाळेत शिकून खात्यात आल्या. माणूस ओळखण्यात माझ्यापेक्षा दोन पावलं पुढे, पण बोलायच्या कमी. त्यांना घेऊन गावी गेलो.

मास्तरांचं घर साधं, स्लॅबचं. खाली ते एकटे राहायचे, वरची खोली पाहुण्यांना. पाण्यावर काम करणारी एक संस्था त्यांच्याकडे संशोधक पाठवायची. कारण मास्तरांच्या घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या गावचं कुलकर्णीपण होतं आणि त्यांच्या कपाटात मोडीतलं दप्तर होतं. दर पावसाळ्यात गोदावरीचं पाणी घाटाच्या कितव्या पायरीला लागलं, कधी ओसरलं, कुणाचं काय वाहून गेलं, हे त्यांच्या पूर्वजांनी टिपून ठेवलं होतं. मोडी वाचणारे आजही सापडतात, पण त्या घराण्याचं गिचमिड अक्षर आणि घरगुती खुणा मास्तरांखेरीज कुणाला लागत नव्हत्या. ते वाचत, बाई लिहून घेई. मागच्या खेपेला निम्मे रुमाल झाले होते. रुमाल म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा. उरलेले निम्मे वाचायला ती परत येणार होती.

संस्थेने केलेली यादी घेऊन मी रुमाल मोजले. सगळे जागेवर. शहाण्या माणसाचा संशय तिथे निम्मा व्हायला हवा होता. माझ्या मनात आलं, मग नकला गेल्या असणार.

"मास्तर, बाई गुरुवारी गेल्या?" मी विचारलं.

"वहीत नोंद आहे."

"नोंद मी वाचली. मी विचारतोय, गुरुवारी गेल्या का?"

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "साहेब, मी खोटी नोंद केलेली नाही."

प्रश्नाला सरळ उत्तर न देणारा माणूस काहीतरी झाकतो, हे पोलिसाला शिकवावं लागत नाही. मी त्यांना कार्यालयात हजर राहण्याची नोटीस दिली.

ठरल्या दिवशी ते एसटीने आले, कापडी पिशवी घेऊन. मी त्यांना दोन तास बाहेरच्या बाकावर बसवून ठेवलं. ही आमची जुनी युक्ती. माणूस बसून बसून आतून ढिला होतो. मास्तर ढिले झाले नाहीत. ते उठून भिंतीवरची सूचना वाचत होते, नाक अगदी कागदाला टेकवून. मला वाटलं, तोंड लपवतोय.

आत घेतल्यावर मी सगळ्या तारखा टेबलावर मांडल्या. "दोन रात्री, चार रात्री, तीन रात्री. मास्तर, ही माणसं कुठे होती? चार वर्षांपूर्वी असं काय झालं?"

त्या शेवटच्या प्रश्नावर त्यांचा चेहरा उतरला. मी नेमका तिथे बोट ठेवलं होतं, आणि मला ते कळलं.

"ती घरगुती बाब आहे," ते म्हणाले. "सांगायची माझी इच्छा नाही."

"परदेशी बाई तीन दिवस बेपत्ता, ही घरगुती बाब?"

"तिने काही चुकीचं केलेलं नाही. मीही नाही. पण तुम्हाला शिक्षाच करायची तर मला करा, साहेब. तिला येऊ द्या." मग म्हणाले, "मला काचबिंदू आहे. एक डोळा गेलाच आहे. दुसऱ्याचा डॉक्टर भरवसा देत नाहीत. दिवाळीपर्यंत ती आली तर उरलेले रुमाल होतील. नंतरचं सांगता येत नाही."

आज हे लिहिताना लाज वाटते. त्या वेळी मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, बघा, साथीदार साथीदारासाठी रडतोय. आजाराचं निमित्त पुढे करणारे आरोपी मी शेकड्याने पाहिले होते. त्यांना जायला सांगितलं आणि संध्याकाळी अभिप्राय लिहिला: मागील मुक्कामातील तीन रात्रींचा ठावठिकाणा लागत नाही, यजमानाची उत्तरे असमाधानकारक, सबब प्रतिकूल. साहेबांची सही झाली आणि ईमेल गेला. जायला एक मिनिट लागलं.

हवालदारबाई दारात उभ्या होत्या. "सर, त्यांना दिसत न्हाई खरंच," त्या म्हणाल्या. "जाताना जिन्याची पायरी चाचपत गेले."

"तपासात तब्येत येत नाही, बाई," मी म्हणालो.

पुढची पायरी मास्तरांवर गुन्हा दाखल करण्याची. खोटी नोंद ठेवली म्हणून. त्यांना पुन्हा गुरुवारी हजर राहण्याची नोटीस काढली, आणि त्याआधी शेजाऱ्यांचे जबाब हाती असावेत म्हणून बुधवारी न सांगता गावात गेलो. मास्तरांच्या समोरच एका कांदेवाल्या शेतकऱ्याचं घर. शेतकरी मळ्यात, घरात त्याची बायको होती. बोलकी, हसरी, चाळीशीची.

आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या. मी बसलो तर डोक्यामागे खुंटीला एक पुरचुंडी टांगलेली. पांढरं स्वच्छ धोतराचं फडकं, गाठ घट्ट. मळक्या घरात तेवढीच एक स्वच्छ वस्तू. पोलिसाची नजर, ती तिथेच अडकली.

"हे काय आहे?"

"ते व्हय? मास्तरांचं हाय."

मी उठलोच. "मास्तरांचं सामान तुमच्याकडे कशाला? सोडा ती गाठ."

"अवं सायेब, हात नका लावू!" ती धावत आली. "मोडंल ना ते. उद्याच्याला तुमच्याकडंच यायचंय त्यास्नी. बेस्तरवारी दक्षिणेला जाऊ न्हाई, म्हणून कालच ठिवलंय प्रस्थान."

हवालदारबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. जायच्या दिशेला तो वार वर्ज्य असेल आणि जाणं तर टाळता येत नसेल, तर जुनी माणसं आधीच्या चांगल्या दिवशी प्रस्थान ठेवत. सुपारी, हळकुंड, मूठभर तांदूळ आणि अंगावरचं एखादं वस्त्र बांधून दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं. म्हणजे प्रवास त्या दिवशीच सुरू झाला. माणूस मग सोयीने निघतो, वाटेत पुरचुंडी उचलतो. आमच्या आजोळी हे होत असे, पण मी विसरलो होतो. मास्तरांनी पोलिसांकडे चौकशीला यायचं म्हणूनही ते ठेवलं होतं. गुरुवारी बोलावणारा मीच होतो.

"ती परदेशी बाई," मी हळूच विचारलं, "तिचंही ठेवलं होतं?"

"ठिवलं हुतं की. तिची पाठीवरची सॅक हितंच हुती तीन दिस. आयतवारी तिला जायाचं, आन आयतवारी मुंबईच्या वाटंला जाऊ नये म्हन्त्यात. मास्तरांनी बेस्तरवारी ठिवलं. आयतवारी सकाळच्याला तिनं सॅक उचलली आन गाडीत बसली. लई रडली जाताना."

"मग मधले तीन दिवस ती होती कुठे?"

"कुटं म्हंजी? वरच्या खोलीत! दुपारच्याला माझ्याकडं भाकरी थापायला शिकत हुती."

"मागच्या वेळी आम्ही विचारलं तेव्हा तुम्ही सांगितलं नाही ते?"

"तुमी कवा इच्यारलं मला? तुमी नुसतं जीपमधनं बघून गेल्ता."

हे खरं होतं. हवालदारबाई खाली मान घालून जबाब लिहीत होत्या. त्या हसत होत्या असा माझा संशय आहे.

आम्ही समोर गेलो. मास्तर ओट्यावर बसले होते. मी त्यांच्या शेजारी बसलो आणि एवढंच म्हणालो, "पुरचुंडी पाहिली, मास्तर."

त्यांनी पाय ओट्यावर घेतले. मग बोलले ते समोर बघत.

"अठ्ठावीस वर्षं विज्ञान शिकवलं मी या पंचक्रोशीत. ग्रहणात मुलांना मैदानात नेऊन शेंगदाणे खायला लावले. मांजर आडवं गेलं म्हणून परत फिरलेल्या पोराला वर्गात उभं केलं. आणि माझी बायको प्रत्येक पाहुण्याचं प्रस्थान ठेवायची. मी तिची जन्मभर थट्टा केली. वहीत तारीख मी लिहायचो, पुरचुंडी ती बांधायची. चार वर्षांपूर्वी ती गेली."

त्यांनी चष्मा काढला, पुसला.

"तिच्यामागे पहिला पाहुणा निघाला तेव्हा मला चैन पडेना. विश्वास आहे का विचाराल तर नाही. पण तिचं काम राहून गेल्यासारखं वाटलं. मग मीच बांधली. आणि एकदा प्रस्थान बाहेर पडलं की माणूस घरातून निघाला. त्याच्यापुढे तो घरात आहे असं लिहिलं तर प्रस्थान मोडतं, असं ती म्हणायची. म्हणून वहीही त्याच दिवशी पूर्ण केली, सही घेतली. पाहुण्यांना वाटायचं, सरकारी पद्धत असेल." ते कसंनुसं हसले. "हे मी तुमच्या कार्यालयात सांगायचं? उद्या गावभर झालं असतं की विज्ञानाचे मास्तर दिशाशूल बघतात. माझे विद्यार्थी आज शिक्षक आहेत, साहेब."

मी खिशातला निनावी अर्ज काढून त्यांच्या हातात दिला. का दिला ते आजही सांगता येत नाही, नियमात बसत नव्हतं. त्यांनी तो डोळ्याला लावला. "माझाच विद्यार्थी," ते म्हणाले. "अक्षर मीच वळवलंय. कपाटातले कागद त्याला विकत हवे होते, मी दिले नाहीत." नाव त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

कायद्याने पाहिलं तर नोंद चुकीचीच होती. मी मास्तरांना लेखी समज दिली, यापुढे माणूस प्रत्यक्ष निघेल तीच तारीख लिहायची. त्यांनी मुकाट्याने सही केली. गुन्हा दाखल केला नाही. त्याच रात्री पुरवणी अहवाल लिहायला बसलो: जबाबांवरून सदर महिला तीनही रात्री नोंदलेल्या पत्त्यावरच होती, आधीचा प्रतिकूल अभिप्राय मागे घेण्यात यावा.

साहेब चांगले होते. वाचून म्हणाले, "प्रस्थान? हे असं लिहून पाठवायचं?" मी म्हणालो, "सर, जे आहे ते आहे." त्यांनी सही केली.

आणि मग सुरू झाली ती खरी शिक्षा. नकार एका मिनिटात गेला होता. होकार टेबलाटेबलावर मुक्काम करत गेला. आधी खुलासा मागवला. मग आधीचा अभिप्राय कुणी आणि का दिला याचा खुलासा मागवला. मग पंचनाम्याची प्रत. पंचनामा केलाच नव्हता म्हणून न करण्याचं कारण. मी दर आठवड्याला फोन करायचो, दोनदा स्वतः मुंबईला जाऊन आलो. दिवाळी गेली. संक्रांत गेली. मास्तरांनी मात्र एकदाही फोन केला नाही. त्यांच्या शेजारणीने केला, फाल्गुनात. "सायेब, मास्तरांना आता ताट समोर ठिवलेलं दिसत न्हाई," एवढंच म्हणाली.

बाई आली ती चैत्रात. तिची आल्याची नोंद माझ्याच टेबलावर झाली. गोरीपान, पन्नाशीची, पायात कोल्हापुरी चपला, मराठी अडखळत पण स्वच्छ बोलायची. मी तिला गावी सोडायला गेलो. साहेबांनी विचारलं, कशाला? मी म्हटलं, पत्त्याची खातरजमा करायला.

तिने पहिला न वाचलेला रुमाल सोडला आणि सवयीने कागद मास्तरांच्या हातात दिला. मास्तरांनी तो दोन्ही हातांनी धरला. वरून खाली हात फिरवला, वास घेतला, आणि परत तिच्याकडे दिला. "तू वाच," ते म्हणाले. तिने प्रयत्न केला. दोन ओळींत चार ठिकाणी अडली. मास्तर सुचवत होते, बहुतेक हे असेल, बहुतेक ते असेल. अर्ध्या तासात दोघांनाही कळलं की हे होणार नाही. ते उरलेले रुमाल आजही तसेच बांधलेले आहेत.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं लोक विचारतात. संशय हे पोलिसाचं हत्यार आहे, ते मी आजही टाकायला सांगणार नाही. पण मी सगळं तपासलं आणि समोरच्या घरात जाऊन एक साधा प्रश्न विचारला नाही, कारण मला उत्तर आधीच ठाऊक होतं. नवीन पोरं भेटतात त्यांना मी सांगतो, प्रतिकूल लिहायच्या आधी एक रात्र जाऊ द्या. कागद गेला की तुमचा राहत नाही.

एवढं सांगून मी थांबतो आणि लोकांना ते पुरतं. न सांगितलेलं असं आहे. त्या दिवशी निघताना बाईने मला चहा दिला आणि विचारलं, "साहेब, मला यायला इतका उशीर का झाला? माझं काही चुकलं होतं का?" मास्तर तिथेच बसले होते. त्यांना सगळं माहीत होतं. मी म्हणालो, "नाही हो. दिल्लीत कागद अडकला होता. सरकारी काम." तिने मान डोलावली. मास्तर फक्त माझ्या आवाजाच्या दिशेने वळले. त्या सबंध प्रकरणात, एवढ्या माणसांच्या एवढ्या जबाबांत, जाणूनबुजून खोटं बोललेला माणूस एकच निघाला आणि तो मी होतो.